भिंतीवरचं काळं: प्रेशर वॉशर, ब्लीचिंग की नुसता ब्रश?

पावसाळा संपून ऑक्टोबरचं ऊन पडलं की घराच्या भिंतींची खरी अवस्था दिसते. पश्चिमेच्या भिंतीवर चार महिने पावसाचा मारा झालेला, उत्तरेच्या भिंतीला ऊन मिळालेलं नाही, छज्ज्याखालून काळे ओघळ उतरलेले आणि जोत्यावर पागोळ्यांनी उडवलेली लाल माती. दिवाळी तोंडावर असते, त्यामुळे घाईघाईत दोनपैकी एक गोष्ट होते. ऑनलाइन प्रेशर वॉशर मागवला जातो, नाहीतर रंगारी बोलावून काळ्यावरच नवा हात मारला जातो. दुसरा मार्ग सरळ चुकीचा. जिवंत शेवाळावर मारलेला रंग भिंतीला धरतच नाही, पुढच्या पावसात पापुद्रे सुटतात. पहिला मार्ग निम्मा बरोबर आहे, आणि जाहिराती त्या निम्म्याबद्दलच बोलतात.

निकाल आधीच सांगून टाकलेला बरा. रंगवलेल्या गिलाव्याच्या भिंतीसाठी सौम्य क्लोरीनचं द्रावण, शेतातला फवारणी पंप आणि मऊ ब्रश यांना तोड नाही. जांभ्याच्या चिऱ्याला क्लोरीनही नको आणि यंत्रही नको. प्रेशर वॉशर हे अंगणाचं यंत्र आहे, भिंतीचं नव्हे. तारेचा ब्रश रंगकाम ठरलं असेल तरच हातात घ्यावा. आणि अ‍ॅसिडने भिंत धुणाऱ्या माणसाला फाटकातूनच परत पाठवावं.

डाग कशाचा आहे, ते आधी

भिंतीवरचं सगळं काळं शेवाळ नसतं. मुंबई-पुण्यात रस्त्याला लागून असलेल्या इमारतींवर बऱ्याचदा गाड्यांचा धूर आणि धूळ बसलेली असते, आणि तिच्यावर कितीही ब्लीच ओतलं तरी फरक पडत नाही. ओळखायची चाचणी सोपी आहे. घरातल्या पांढऱ्या कपड्यांच्या ब्लीचचे चार थेंब कापसाने डागावर लावा आणि पाच मिनिटं थांबा. काळं फिकट पडलं तर ते शेवाळ किंवा बुरशी. जसंच्या तसं राहिलं तर धूळ-काजळी, तिला साबणाचं पाणी आणि ब्रश लागतो, क्लोरीन नाही.

ग्रिलखालचे तांबूस ओघळ गंजाचे असतात. त्यांना ऑक्झॅलिक अ‍ॅसिड चालतं. एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम खडे विरघळवून फक्त डागावर लावायचं, दहा मिनिटांनी भरपूर पाण्याने धुवायचं. हे विषारी आहे, मुलांच्या हाती लागू देऊ नका, आणि संगमरवराच्या उंबऱ्यावर ठिबकू देऊ नका, पॉलिश जाईल. ग्रिलला रेडऑक्साइड मारल्याशिवाय हे करण्यात अर्थ नाही, कारण पुढच्या पावसात ओघळ परत उतरणार.

पांढरी, पिठासारखी सुटणारी फुलं म्हणजे क्षार, ज्याला शोरा येणं म्हणतात. इथे पाणी मारणं हीच चूक. ओल्या भिंतीवर क्षार विरघळून दिसेनासे होतात, भिंत स्वच्छ झाली असं वाटतं, आणि आठवड्याने वाळल्यावर ते दुप्पट वर येतात. कोरड्या ब्रशने झाडून खाली पडलेली पूड उचलून टाकायची आणि ओल कुठून येते ते शोधायचं.

शेवटची तपासणी रंगाची. कोरड्या भिंतीवर तळहात घासून पाहा. हाताला खडूसारखी पूड लागली तर वरचा रंग उन्हाने मेलेला आहे, कोणत्याही पद्धतीने धुतला तरी तो डागांसकट उतरणार आणि भिंत ठिपक्याठिपक्यांची दिसणार. स्नोसेमसारख्या सिमेंट रंगाचंही तेच. चुन्याच्या भिंती तर धुवूच नयेत, खराट्याने झाडून पुन्हा चुना द्यावा. धुण्याचा खरा फायदा चांगल्या अ‍ॅक्रिलिक इमल्शनला होतो. तो रंग धड असेल तर नीट धुऊन त्याची आणखी काही वर्षं काढता येतात.

क्लोरीनची फवारणी: स्वस्त, पण प्रमाण सांभाळलं तरच

हवं असलेलं द्रावण १ टक्का उपलब्ध क्लोरीनचं. जाड, मखमलीसारखं शेवाळ असेल तर २ टक्क्यांपर्यंत जावं, त्यापुढे नाही. जास्त तीव्र केल्याने शेवाळ जास्त मरत नाही, रंग मात्र उडतो. लाल, निळे आणि गडद हिरवे रंग आधी फिके पडतात, म्हणून कोपऱ्यात हातभर जागेवर करून दुसऱ्या दिवशी पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

हे द्रावण दोन प्रकारे बनतं. किराणा किंवा हार्डवेअरच्या दुकानातली ब्लीचिंग पावडर ताजी असेल तर तिच्यात साधारण ३२ ते ३४ टक्के उपलब्ध क्लोरीन असतं. म्हणजे १६ लिटरच्या पंपाला अर्धा किलो पावडर. ती सरळ पंपात टाकली की नोझल तुंबलंच, कारण तिच्यात चुना असतो. प्लॅस्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवून, पाणी भरून, झाकून तीन-चार तास ठेवावी. गाळ खाली बसतो, वरची निवळी सुती फडक्यातून गाळून घ्यावी. गाळ भिंतीला लावू नये, गडद रंगावर त्याचे पांढरे पट्टे राहतात. पावडरीचा डबा किती दिवस उघडा होता हे सगळ्यात महत्त्वाचं. ग्रामपंचायतीच्या विहिरीसाठी आणून वर्षभर पडून राहिलेल्या पोत्यातली पावडर नुसता चुना झालेली असते. उघडल्यावर नाकात झोंबत नसेल तर तिच्यावर मेहनत घेऊ नका.

दुसरा प्रकार सोडियम हायपोक्लोराइटचा, कॅनमध्ये मिळतो तो. लेबलवर बहुधा १० ते १२ टक्के लिहिलेलं असतं. ताज्या १० टक्क्यांच्या मालाचा एक भाग आणि पाण्याचे नऊ भाग घेतले की १ टक्का झाला. पण हे रसायन उन्हाने आणि उष्णतेने कमजोर होत जातं. उत्पादनाची तारीख पाहूनच घ्यावं, उन्हात मांडलेला कॅन घेऊ नये, आणि तारीख काही महिन्यांपूर्वीची असेल तर एकाला पाच-सहा भाग पाणी धरावं. गाळाची कटकट नाही, म्हणून मोठ्या घराला हेच सोयीचं.

पंप म्हणून पाठीवरचा १६ लिटरचा बॅटरी पंप उत्तम. त्याचा दाब भिंतीला इजा करण्याइतका नसतो आणि लांब नळी लावली तर पहिल्या मजल्याच्या खिडकीपर्यंत जमिनीवरूनच पोचता येतं. तणनाशक मारलेला पंप मात्र घेऊ नका, खाली झाडं आहेत. पितळी नोझल आणि रबरी वॉशर क्लोरीनने खराब होतात. काम झाल्यावर दोन पंप साधं पाणी मारून काढावं, नाहीतर पुढच्या वेळी पंप गळेल. साध्या गिलाव्याला लिटरभर द्रावण चार-पाच चौरस मीटरला पुरतं, खडबडीत टेक्स्चरला जास्त लागतं.

क्रम असा. खालची झाडं, तुळस, वेल आधी साध्या पाण्याने चिंब करा आणि प्लॅस्टिकने झाका. विहीर झाका, माशांच्या टाकीकडे ओघळ जाणार असेल तर मातीचा बांध घाला. वीजमीटर आणि बाहेरचे स्विच प्लॅस्टिक लावून बंद करा, त्या भागाचा एमसीबी पाडा. भिंतीवर आधी नुसतं पाणी मारा. कोरडी भिंत द्रावण पिऊन टाकते आणि वरच्या शेवाळाला काही उरत नाही. मग द्रावण खालून वर मारत जा. वरून सुरू केलं तर कोरड्या भागावर ओघळ उतरतात आणि त्या ओघळांच्या रेघा मागे राहतात. १६ लिटरला दोन चमचे साधं कपड्यांचं लिक्विड डिटर्जंट घातलं तर द्रावण भिंतीला धरून राहतं. दहा ते पंधरा मिनिटं ठेवा, मध्ये वाळू लागलं तर पुन्हा हलका हात द्या. म्हणूनच हे काम सकाळी, सावलीतल्या भिंतीवर करायचं आणि सूर्याच्या मागे मागे जायचं. जाड भागावर लांब दांड्याचा नायलॉनचा ब्रश फिरवा. मग वरून खाली भरपूर पाण्याने धुवा. खिडक्यांच्या लोखंडी ग्रिल, पितळी पाट्या, अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटी यांच्यावर द्रावण उडतंच, त्या आधी धुवा. क्लोरीनने लोखंड रात्रीत गंजतं.

धुतल्यावरही काही ठिकाणी फिकट तपकिरी छटा राहिली तर लगेच दुसरा हात मारू नका. मेलेलं शेवाळ वाळून, उन्हा-वाऱ्याने आठवड्याभरात आणखी झडतं.

डोळ्यांना चष्मा, हातात रबरी मोजे, पूर्ण बाह्या, वारा पाठीशी. आणि एक गोष्ट कितीही वेळा सांगितली तरी कमीच: ब्लीच आणि अ‍ॅसिड एकत्र येता कामा नये. संडास साफ करायच्या बाटल्यांमध्ये अ‍ॅसिड असतं. "जरा जोर येईल" म्हणून कोणी ते बादलीत घातलं की क्लोरीन वायू सुटतो आणि माणूस दवाखान्यात जातो. अमोनिया असलेलं क्लीनरही नको.

प्रेशर वॉशर: खोक्यावरचा आकडा आणि प्रत्यक्षातलं काम

घरगुती यंत्रांवर १०० ते १३० बार लिहिलेलं असतं. तो जास्तीत जास्त दाब, काम करताना मिळणारा त्याहून कमी. एक बार म्हणजे साडेचौदा पीएसआय, म्हणून पीएसआयमधला आकडा उगाच भारी वाटतो. दाबाइतकंच पाण्याचं प्रमाण पाहा. छोट्या यंत्रातून ताशी ३३० ते ४२० लिटर पाणी जातं. ३६० लिटरवालं यंत्र सलग चालवलं तर हजार लिटरची टाकी पावणेतीन तासांत रिकामी होते. उघड्या नळीने त्याच वेळात याच्या दुप्पट-तिप्पट पाणी वाया जातं हे खरं, पण मे महिन्यात टँकर मागवणाऱ्या गावात हा हिशोब आधी करावा. याच कारणाने भिंती धुवायला नवरात्रानंतरचे दिवस मे महिन्यापेक्षा बरे. विहिरीला पाणी असतं आणि शेवाळ ओलं असतं.

अंगणात हे यंत्र खरोखर पैसे फेडतं. पेव्हर ब्लॉक, खडबडीत शहाबादी, सिमेंटच्या पायऱ्या, गिलावा न केलेली कंपाउंड वॉल, गच्चीकडे जाणारा निसरडा जिना. घसरून पडण्याची भीती जिथे असते तिथे ते तासाभरात संपवतं. पेव्हरच्या फटींतली वाळू मात्र उडून जाते. वाळल्यावर बारीक वाळू पसरून खराट्याने फटींत भरली नाही तर ब्लॉक हलायला लागतात आणि पुढच्या पावसात तिथे गवत उगवतं.

भिंतीवर काय होतं? तोंडाची झोत जिथे जवळ जाते तिथे पांढरा पट्टा, जिथे लांब राहते तिथे काळा. झेब्रा तयार. तो मिटवायला पुन्हा जवळ जावं लागतं आणि रंग उडतो. केसाएवढ्या भेगा आपल्या गिलाव्यात असतातच, त्यांच्यातून दाबाचं पाणी आत ढकललं जातं आणि आठवड्याने हॉलच्या भिंतीची पुट्टी फुगते. आणि शेवाळाचं मूळ राहतं ते राहतंच. दाबाने वरचा थर जातो, छिद्रांतलं जिवंत राहतं, पुढच्या पावसात ते आधीपेक्षा लवकर पसरतं. फक्त यंत्राने धुतलेली भिंत दिवाळीला छान दिसते, पण पुढच्या श्रावणापर्यंतचं सांगता येत नाही.

तरीही भिंतीवर वापरायचंच असेल तर द्रावण मारून झाल्यावर धुण्यापुरतं वापरा. ४० अंशांचा पसरट फवारा, म्हणजे रंगखुणांच्या संचातलं पांढरं तोंड. दोन फुटांवरून सुरू करायचं आणि फुटाच्या आत कधीच जायचं नाही. हात सतत हलता, झोत वरून खाली. खिडकीच्या फटी, एसीची भोकं, छज्ज्याखालची कड यांच्यावर खालून वर मारू नये. लाल खुणेचं शून्य अंशाचं तोंड आणि गरगर फिरणारं टर्बो तोंड भिंतीसाठी नाहीच. दुकानदार टर्बोचं कौतुक करतो कारण प्रात्यक्षिक काँक्रीटवर दाखवतो.

यंत्र बिघडण्याची कारणं जवळपास ठरलेली आहेत. पहिलं, पाणी अपुरं. घराच्या टाकीची उंची कमी असेल तर नळाला जोर नसतो, पंप हवा ओढतो, झोत धडधडत येतो आणि आतली सीलं झिजतात. विकत घेण्याआधी १० लिटरची बादली नळाखाली ठेवा. मिनिटभरात भरली तर ठीक, दीड मिनिट लागलं तर यंत्र त्या नळावर चालवू नका. बादलीतून किंवा पिंपातून पाणी ओढायचं असेल तर स्वतः पाणी ओढू शकणारं यंत्र, टोकाला जाळी आणि सुरू करण्याआधी नळी पाण्याने पूर्ण भरलेली, हे तिन्ही हवं. दुसरं कारण वीज. १४०० वॉटचं यंत्र सहा अँपिअरच्या आसपास घेतं, म्हणून १६ अँपिअरचं पॉवर सॉकेट लागतं. बारीक वायरीचं लांब एक्स्टेन्शन लावलं तर व्होल्टेज पडतं, मोटर गुणगुणते, तापते आणि जळते. जिथे मुळातच व्होल्टेज कमी असतं तिथे संध्याकाळी यंत्र लावूच नये. ओल्या अंगणात विजेचं यंत्र चालतंय, म्हणून त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच लाइन तोडणारा स्विच, हवाच. तो नसेल तर आधी इलेक्ट्रिशियन बोलवा, मग कुरिअर.

तिसरं, बंद करण्याची पद्धत. स्विच बंद, नळ बंद, मग गनचा घोडा दाबून नळीतला दाब सोडायचा. तसंच भरलेल्या दाबाने ठेवलं की पुढच्या वेळी जोडाला गळती. यंत्रातून ब्लीच ओढू नका, पंपाच्या आतलं काहीच त्यासाठी बनवलेलं नसतं.

विकत घ्यायचंच असेल तर मोटर कोणती ते विचारा. स्वस्त यंत्रांत कार्बन ब्रशवाली युनिव्हर्सल मोटर असते, आवाज करते आणि कमी टिकते. इंडक्शन मोटरवालं जड आणि महाग, पण वर्षानुवर्षं चालतं. वर्षातून दोनदा अंगण धुणाऱ्याला पहिलं पुरे. किंवा गल्लीत कोणाकडे असेल तर मागून आणावं, दरवर्षी दोन दिवसांसाठी प्रत्येक घरी एक यंत्र कशाला?

जांभ्याचं घर

रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्यातल्या उघड्या चिऱ्याच्या भिंतींचं गणित वेगळं. जांभा खाणीतून मऊ निघतो आणि हवेत कडक होतो, पण त्याच्या बारीक खळग्यांत मऊ माती असते. प्रेशर वॉशर ती माती धुऊन काढतो. भिंत त्या दिवशी ताजी लालभडक दिसते, लोक खूश होतात, आणि उघड्या पडलेल्या भोकांत पुढच्या पावसाळ्यात शेवाळ आणखी खोल रुजतं. दरजा चुन्याच्या असतील तर त्याही पोकळ होतात. अ‍ॅसिड चुना खातं आणि दगडातलं लोह विरघळवून डाग पाडतं. हायपोक्लोराइट शेवाळ मारतं, पण शेवटी त्याचं मीठ होतं, ते दगडाच्या छिद्रांत राहून ओल धरतं आणि शोरा आणतं.

इथे बेन्झाल्कोनियम क्लोराइड, म्हणजे बीकेसी, हे योग्य औषध. मत्स्यशेतीचं किंवा पोल्ट्रीचं सामान ठेवणाऱ्या दुकानात ५० टक्के किंवा ८० टक्के तीव्रतेचं मिळतं. ५० टक्क्यांचं असेल तर एक लिटर द्रावणात ४० मिली, म्हणजे २ टक्के झालं. आधी काथ्याच्या किंवा नायलॉनच्या ब्रशने सुटं शेवाळ कोरडंच काढायचं, मग दगड पिईल तितकं द्रावण मारायचं आणि धुवायचं नाही. सलग दोन-तीन कोरडे दिवस लागतात. परिणाम लगेच दिसत नाही, शेवाळ आधी तपकिरी होतं आणि दोन-तीन आठवड्यांत झडतं. घाई असणाऱ्याला ही पद्धत फसल्यासारखी वाटते. यात साबण घालू नका, साबणाने हे औषध निकामी होतं. माशांना विषारी आहे, तेव्हा विहीर आणि वहाळ जपा.

चिऱ्यावर चकचकीत क्लिअर कोट मारायची फॅशन आली आहे. दगड वाळायच्या आत तो मारला तर ओल आत कोंडते आणि थर पांढरा होऊन पापुद्र्याने निघतो. मारायचाच तर हवा जाऊ देणारा, पाणी झटकणारा सिलेन-सिलॉक्झेनचा, तोही फेब्रुवारी-मार्चमध्ये, दगड पूर्ण वाळल्यावर.

कौलांबद्दल थोडक्यात: प्रेशरने धुऊ नयेत. कौलाखाली पाणी घुसतं, जुनी कौलं तडकतात. पावसाळ्याआधी शाकारणीच्या वेळी उतरवतातच, तेव्हा कोरड्या ब्रशने घासावीत. टाइल्स लावलेल्या भिंतीला साबणपाणी आणि मऊ ब्रश पुरतो.

काम दुसऱ्याला द्यायचं तर

दोन मजल्यांच्या वर स्वतः शिडी लावू नये, तिथे परांची, झुला किंवा दोरीवरून उतरणारी माणसं लागतात. अशी सेवा देणाऱ्यांकडून दर चौरस फुटाने येतो आणि तिथेच पहिली गफलत होते, कारण खिडक्यांचं माप वजा केलंय की नाही हे कोटेशनमध्ये लिहिलेलं नसतं. त्यांना विचारायच्या गोष्टी थोड्या आहेत. कोणतं रसायन आणि किती टक्के? "आमचं स्पेशल केमिकल" हे उत्तर पुरेसं नाही, डब्याचं लेबल पाहायला मागा. किती बारवर धुणार? ८० किंवा १०० बारच्या वरचा आकडा आला तर रंगाची जबाबदारी लेखी घ्या. दोरीवरच्या माणसाला कामाची दोरी आणि जिवाची दोरी वेगळी, वेगवेगळ्या ठिकाणी बांधलेली आहे का? पाणी आणि वीज सोसायटीची, पण खाली लावलेल्या गाड्या झाकायचं काम कोणाचं? आणि कामाआधी एका भिंतीचा दहा बाय दहा फुटांचा तुकडा करून दाखवायला सांगा. तो ओला असताना पसंत करू नका. ओली भिंत नेहमीच स्वच्छ दिसते, दोन दिवसांनी वाळल्यावर पाहा आणि मगच पुढचं काम सोडा.

पैशांचा शेवटचा हप्ता देण्याआधी त्याच परांचीवरून एक काम करून घ्या. छज्ज्याच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच आहे का ते पाहायला सांगा. १० ते १२ मिलिमीटरची खाच नसेल, किंवा रंगाच्या थरांनी बुजली असेल, तर पाणी कडेवरून खाली न पडता भिंतीला धरून येतं आणि तोच काळा ओघळ दरवर्षी त्याच जागी उतरतो. कठड्याचा माथा गच्चीकडे उतरता करून घेणं आणि एसीच्या पाण्याची नळी भिंतीपासून बाहेर काढणं हेही तेव्हाच होतं. परांची उतरल्यावर या तीन कामांसाठी कोणी परत येत नाही.